लाल टोपी कोणाची होती

अलीमियाँ परकारांना स्पीडवेबद्दल काही विचारायचं नाही, हा आमच्या कंपनीतला कुठेही न लिहिलेला नियम आहे. नवा आलेला एखादा सेल्समन बिजागऱ्यांचे नमुने घ्यायला स्टोअरमध्ये जातो, त्यांच्या फोनवर चार मोटरसायकली धुरळा उडवत आडव्या घसरताना बघतो, ‘हे काय, चाचा?’ असं सहज विचारतो, आणि त्याची दुपार गेली म्हणून समजा. मी गेली एकोणीस वर्षं अशा दुपारी घालवतोय.

मी शिरीष, मूळचा पुण्याचा. मस्कतजवळच्या रुसैलच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा अ‍ॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचा कारखाना आहे, तिथं मी अ‍ॅडमिन मॅनेजर आहे. म्हणजे व्हिसे, रजा, कामगारांच्या कॅम्पमधले बंद पडलेले एसी आणि लोकांची रडगाणी, हे माझं काम. रोज अल् खुवैरहून गाडी हाकत यायचं, संध्याकाळी तशीच हाकत परत जायचं. अलीमियाँ आमचे स्टोअरकीपर. जयगडचे. वय सहासष्ट. राहायला कंपनीच्या कॅम्पात, बायको सफूरा गावी. या मार्चअखेर त्यांचा व्हिसा संपतो आणि वयामुळे कंपनी तो वाढवणार नाही. ते पत्र मीच टाईप केलं आणि मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “म्हणजे पोलंडचा सीझन गावावरूनच बघायचा. नेट असलं म्हणजे झालं.”

तर स्पीडवे. मला एकोणीस वर्षांत जे समजलं ते चार ओळींत सांगतो, त्यांना चार तास लागतात. मातीची लंबगोल धावपट्टी. चार मोटरसायकली, प्रत्येकीला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. चार फेऱ्या, सगळ्या डाव्या हाताला वळत, आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. एक शर्यत मिनिटभरात खलास. हे सगळं आधी ऑस्ट्रेलियात सुरू झालं की इंग्लंडात, यावर त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे आणि ते दर दोन वर्षांनी बदलतं. युद्धानंतर इंग्लंडात हे बघायला हजारो माणसं जमायची, आता तिथली मैदानं एकेक करून बिल्डरांच्या घशात गेली, हे सांगताना त्यांचा आवाज असा पडतो की घरचंच कोणी गेलंय असं वाटावं. “आता खरा खेळ पोलंडात ऱ्हायला, साहेब,” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याला गणती नाही.

जयगडच्या माणसाला हे खूळ लागलं कुठून, तर इथूनच. नव्वद सालच्या आसपास अलीमियाँ पाण्याचा टँकर चालवायचे. रुसैलच्या पलीकडे रस्त्याचं मोठं काम चालू होतं, तिथं भरावावर पाणी मारायचं. त्या साईटवर मेकॅनिकल फोरमन होता व्हीटली नावाचा इंग्रज. अलीमियाँ त्याला अजूनही व्हीटलीसाहेबच म्हणतात. या साहेबानं आणि त्याच्यासारख्या दहाएक गोऱ्यांनी, कोणी सर्व्हेअर, कोणी क्रेनवाला, जुन्या मोटरसायकलींचे ब्रेक काढून टाकले आणि वाडीच्या, म्हणजे इथल्या कोरड्या नदीच्या, काठच्या सपाट जमिनीवर ग्रेडर फिरवून धावपट्टी केली. थंडीच्या दिवसांत, शुक्रवारी सकाळी, जुम्म्याच्या नमाजाआधी शर्यती उरकायच्या. इथली माती भुकटीसारखी. पाणी मारल्याशिवाय तिच्यावर कोणाला काही दिसणार नाही. म्हणून साहेबानं अलीमियाँना विचारलं, शुक्रवारी टँकर आणशील का?

“पाणी मारणं म्हणजे काय खायचं काम नाय,” अलीमियाँ सांगतात. “जास्ती झालं तर चिखल, गाडी आडवी. कमी झालं तर धूळ. वळणावर बाहेरच्या अंगाला वेगळं, आतल्या अंगाला वेगळं. पयल्या शुक्रवारी साहेब मला बोल्ला, अली, तुझा हात चांगला हाय.” एवढ्या एका वाक्यावर हा माणूस पस्तीस वर्षं जगलाय, असं मला कधीकधी वाटतं. माझ्या कामाबद्दल मला असं कोणी एकदाही म्हटलेलं नाही.

तीन हिवाळे हा खेळ चालला. अलीमियाँनी त्याची वही ठेवली. जयगडच्या उर्दू शाळेनंतर दोन वर्षं मराठी शाळेत काढलेली, त्यामुळे वही मराठीत. शर्यतीत प्रत्येकाच्या हेल्मेटवर एक रंगीत कापडी टोपी चढवायची पद्धत असते. लाल, निळी, पांढरी, पिवळी. अलीमियाँना सुरुवातीला साहेब सोडून कोणाचं नाव धड माहीत नव्हतं, तेव्हा त्यांनी रंगांचेच चार रकाने आखले आणि गुण भरले. पहिल्याच दिवशी साहेबाच्या डोक्यावर लाल टोपी बघितली होती. त्यामुळे यांच्या लेखी लाल म्हणजे साहेब, ते कायमचं.

एक्याण्णवच्या मार्चमध्ये शेवटची शर्यत झाली. साईटवरच्या वेल्डरनं पिस्टनचा कप बनवला होता. त्या दिवशी धूळ फार होती, शेवटच्या दोन फेऱ्यांत रंगसुद्धा मधूनमधूनच दिसत होते. लाल टोपी पहिली आली. अलीमियाँ टँकरच्या टपावर उभे होते, तिथून उडी मारून ते धावत सुटले आणि साहेबाला त्यांनी मिठी मारली. तोवर टोप्या उतरवून बादलीत टाकल्या होत्या. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक. कप द्यायच्या आधीच अलीमियाँना नमाजाला जावं लागलं. वहीत त्यांनी लाल रकान्यात तीन लिहिले, शेजारी चांदणी काढली आणि खाली लिहिलं, ‘व्हीटलीसाहेब पयले’. पुढच्या वर्षी रस्ता पुरा झाला, गोरे पांगले. साहेब इंग्लंडला गेला, पण दर नाताळात एक कार्ड आणि स्पीडवेची जुनी मासिकं पाठवत राहिला. ती मासिकं अलीमियाँनी डिक्शनरी घेऊन वाचली. इतिहास आला तो तिथून.

आणि त्या मासिकांनीच घात केला. वैयक्तिक शर्यतींत टोपीचा रंग माणसाचा नसतो, हे त्यांना वाचून-बघून पुढं कधीतरी कळलं. आतल्या बाजूनं सुटणाऱ्याला फायदा होतो, म्हणून दर शर्यतीला जागा बदलतात, आणि जागेबरोबर टोपी बदलते. म्हणजे पहिल्या शर्यतीत लाल असलेला साहेब शेवटच्या शर्यतीत कुठल्याही रंगाचा असू शकतो. हे कळलं त्या दिवशी ते माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीवर नुसते बसून राहिले होते. मला वाटलं गावाकडून काही वाईट बातमी आली.

“मग साहेबाला पत्र टाकून विचारा की,” मी म्हटलं होतं.

“काय विचारू? तुम्ही जिंकला होतात का, असं? तीस वर्षं मुबारकी दिल्यावर?”

त्यांनी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी साहेब गेला. त्याच्या मुलीचं, गिलियनचं, कार्ड आलं, आणि अलीमियाँ उत्तर लिहून घ्यायला माझ्याकडे आले. आता इथं माझा भाग सुरू होतो, आणि तो मला काही फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही. महिनाअखेर होती, माझ्यासमोर बावीस जणांचे रजेचे अर्ज होते आणि डोकं ठणकत होतं. अलीमियाँ सांगत होते, “लिहा, तुमचे वडील चांगले माणूस होते. लिहा, ती फायनल बहुतेक तेच जिंकले. मला नक्की म्हाईत नाय, टोपी लाल होती, पण लाल कोण होता ते आता सांगता येत नाय.” मी म्हटलं, अलीमियाँ, शोकाच्या पत्रात हा गुंता कशाला? मुलीला बरं वाटावं म्हणून पत्र लिहितोय ना आपण? मी झोकात इंग्रजीत लिहून टाकलं, की तुमचे वडील मस्कतचे स्पीडवे चॅम्पियन होते, मी स्वतः त्यांना जिंकताना पाहिलं. खाली अलीमियाँची सही घेतली. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि म्हणाले, “‘बहुतेक’ कुठाय?” मी म्हटलं, इंग्रजीत ते बरं दिसत नाही. खोटंच सांगितलं.

या जानेवारीत गिलियनची ईमेल आली. ती क्रूझ जहाजानं मस्कतच्या मुत्रा बंदरात येणार होती, एकच दिवस. वडिलांची ती जागा आणि अलीची वही तिला बघायची होती. ते पत्र तिनं वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रार्थनेला चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. पण नंतर माळा आवरताना एक कागद सापडला, त्याचा फोटो जोडतेय, अलीला दाखवाल का?

फोटो उघडला. त्या शेवटच्या दिवसाचं टाईप केलेलं शर्यतींचं पत्रक. तळाला फायनल. लाल, मॅकी. निळा, कोणी एक स्वीडिश नाव. पांढरा, अजून कोणी. पिवळा, व्हीटली. आणि पुढं पेन्सिलीनं गुण. मॅकी तीन. व्हीटली शून्य.

मी तो फोटो बंद केला. घरी सुरेखाला सांगितलं, तर ती म्हणाली, “दाखव त्यांना. तुझी चूक आहे, त्यांची नाही.” बायकोचं बरोबर असतं तेव्हा फार कंटाळा येतो. मी दुसऱ्या दिवशी अलीमियाँना सांगितलं, की कागद आलाय पण फोटो धूसर आहे, काही वाचता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत माझे सगळे प्रकार त्यांना पाठ झालेत. ते म्हणाले, “बरं. त्या येतील तवा बघू.” पुढचे पंधरा दिवस ते माझ्याकडे चहाला आले नाहीत. मी समजलो की ते समजलेत, पण पुन्हा विषय काढायची माझ्यात ताकद नव्हती. उगाच कामं काढून मी स्टोअरसमोरून जायचं टाळत होतो.

ती आली त्या दिवशी मी बंदरावरून तिला गाडीत घेतलं. साठीच्या आसपासची, रुंद टोपीची, बोलकी बाई. रुसैलच्या फाट्यावर अलीमियाँ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वही. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी “वेलकम मॅडम” एवढंच म्हटलं आणि मागच्या सीटवर बसले. वाटेत आम्ही तिघंही हवेवर बोललो.

जुन्या धावपट्टीच्या जागी आता एक शीतगृह आहे आणि त्याच्यामागे ट्रक उभे करायचं आवार. अलीमियाँनी जागा कशावरून ओळखली कोण जाणे, पण वाडीच्या काठाकडे बघत ते थोडं चालले आणि एका ट्रकच्या सावलीत थांबले. “माझा टँकर हितं,” ते म्हणाले. “सुटायची दोरी तिथं, त्या भिंतीपाशी. पयलं वळण तिकडं.” मी इंग्रजीत सांगत गेलो. गिलियननं दोन-चार फोटो काढले. मग तिनं पर्समधून तो कागद काढला.

मी म्हणालो, “अलीमियाँ, एक मिनिट. तो फोटो धूसर नव्हता.”

“म्हाईत हाय मला.”

“आणि पत्रात ते ‘बहुतेक’ मी...”

“तेबी म्हाईत हाय. ऱ्हाऊद्या आता.”

त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला. बोट तळाच्या ओळीवर ठेवलं. मग पिशवीतून वही काढली, चांदणीचं पान उघडलं आणि कागदाशेजारी धरलं. मला वाटलं बसतील, रडतील, काहीतरी होईल. तसं काही झालं नाही. ते फक्त फार दमलेले दिसले. कॅम्पच्या बसमधून रोज संध्याकाळी उतरणारी माणसं दिसतात तसे.

गिलियन घाईघाईनं बोलू लागली. पत्रात चुकीचं लिहिलं म्हणून जाब विचारायला ती आलीच नव्हती. कागदाच्या मागच्या बाजूला तिच्या वडिलांनी पेन्सिलीनं काही लिहिलं होतं, तेच तिला अलीला दाखवायचं होतं. तिनं कागद उलटा केला. मी वाचून मराठीत सांगितलं. ‘शेवटचा आलो. अली धावत आला. मी जिंकलो असं वाटतंय त्याला. सांगवलं नाही.’

“बाबा कधीच जिंकले नाहीत,” ती हसत म्हणाली. “इंग्लंडमध्येही नाही. कुठंच नाही. त्यांना जिंकल्यासारखं धावत येऊन भेटलेला हा एकच माणूस. अलीला सांगा, ते पत्र मी चर्चमध्ये पुन्हासुद्धा वाचेन.”

मी सांगितलं. मला बरं वाटलं. म्हटलं सुटलो, गोष्ट गोड झाली. माझं पत्रसुद्धा माफ झालं. पण अलीमियाँ हसले नाहीत. त्यांनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, ट्रकच्या मडगार्डवर वही टेकवली आणि ‘व्हीटलीसाहेब पयले’वर एक रेघ मारली. चांदणी तशीच ठेवली. लाल रकान्याखाली मला स्पेलिंग विचारून ‘मॅकी’ लिहिलं.

“हा मॅकी,” ते म्हणाले, “न्यूझीलंडचा. लांब माणूस होता, सर्व्हेचा. त्या दिवशी तो एकटाच गाडी ढकलत गेला. मी त्याच्या बाजूनंच धावलो, त्याला धक्का लागला माझा. त्याला कोण काय बोल्लं नाय, साहेब. सगळी माणसं माझ्याकडंच बघत होती, मी एवढा आरडत होतो.” मग गिलियनला थेट, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत, “मॅकी अलाइव्ह?”

तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, घरी गेल्यावर विचारीन कोणाला तरी. तिच्या आवाजावरून मला कळलं की विचारायला आता कोणी उरलेलं नाही. अलीमियाँनाही कळलं असावं. त्यांनी मान हलवली आणि वही तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली आणि कागद त्यांना दिला. एवढी अदलाबदल झाली आणि आम्ही निघालो, कारण जहाजाची वेळ होत होती.

तिला बंदरावर सोडून आम्ही परत निघालो. हायवेवर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. शेवटी मला राहवलं नाही. मी म्हटलं, “अलीमियाँ, साहेबाला मिठी आवडली होती, त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. अजून काय हवं? आता तरी मनाला लावून घेऊ नका.”

“तुम्ही कागद नीट वाचला नाय,” ते म्हणाले. “पिवळा कुठून सुटतो? सगळ्यात बाहेरून. पुढं तीन गाड्या. तिघांची धूळ याच्या तोंडावर. त्याला रस्ता दिसला असेल काय?”

“धूळ तर त्या दिवशी होतीच. तुम्हीच म्हणता.”

“होतीच म्हणजे काय, अशीच होती काय?” ते पहिल्यांदाच चिडले. “फायनलच्या आधी टँकर रिकामा झाला. साहेब बोल्ला, अली, आणखी एक खेप आणशील? पाणी भरायला जाऊन यायला पाऊण तास. मी बोल्लो, पंप बंद हाय. पंप बंद नव्हता. मी गेलो असतो तर माझी फायनल चुकली असती. येऊन पाणी मारेस्तोवर जुम्म्याची वेळ झाली असती, मी नमाजाला आणि फायनल माझ्यामागं.”

ही गोष्ट त्यांनी एकोणीस वर्षांत मला सांगितली नव्हती. साहेबालाही सांगितलेली नसणार. मी उगाच एसी कमी केला, पुन्हा वाढवला. ते काचेतून बाहेर बघत होते. अल् खुवैर मागं पडलं, मग विमानतळ मागं पडला.

कॅम्पच्या दारात मी गाडी थांबवली. त्यांनी दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि तसेच बसून राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, “मी खेप आणायला जायला पायजे होतं. मला काय दिसलं नसतं. पण त्यांची शर्यत नीट झाली असती.”